नीळ बेताची

आमच्या घरात ज्याचे कपडे त्यानं धुवायचे. नवऱ्याचे बायकोनं न्हाय, पोराचे आईनं न्हाय. शेजारणी मोरीत डोकावायच्या आन मला विचारायच्या, अगं अक्काबाई, गुरुजी सदरा घासत्यात आन तू खुशाल चहा पीत बसलीस? मी म्हणायची, व्हय, बसले. बारामतीतल्या अर्ध्या बायकांना वाटायचं, ही बाई लई माजलीया.

पण ती रीत माझी न्हवं, गुरुजींची. गुरुजी म्हंजे माझे मालक, कचरू गुरुजी. मूळचे निरवांगीचे. त्यांच्या लहानपणी गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या लोकांना द्यायचे. हक्क म्हणायचे त्याला. आग लागो त्या हक्काला. माझ्या सासूबाईंचं नाव नकोशी. त्या ते कापड नीरेच्या पाण्यात धुवायच्या आन पोराला त्याचा सदरा शिवायच्या. एकदा भर शाळेत एका पोरानं बोट दाखवलं, ह्या कचऱ्याचा सदरा आमच्या आज्याच्या अंगावरचा हाय. पोरं हसली. मास्तरही हसला.

छप्पन साली दीक्षा घेतली तवा गुरुजी वीस वर्षांचे. त्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, दुसऱ्याचं कापड अंगाला लावायचं न्हाय, दुसऱ्याचा मळ हातात घ्यायचा न्हाय, आन आपला मळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा न्हाय. पुढं ते मास्तर झाले. सुप्याला होते, मग माझ्या माहेरी शेळगावला. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी राहिली की हे मागनं जायचे आन एकेकाची कॉलर उलटी करून बघायचे. ज्याची काळी निघंल त्याला मारायचे न्हाईत, शाळेच्या हौदावर नेऊन धुवायला शिकवायचे. आमच्या पोराला, सुयशला, सहाव्या वर्षी दगडापाशी उभा केला. साबण आधी कॉलरला, खळखळून तीन पाणी, नीळ शेवटी आन बेताची. नीळ जास्त झाली की कापड आजारी दिसतंय, असं म्हणायचे. त्या पोराचा सदरा शाळेत गुरुजींच्या सदऱ्याच्या खालोखाल पांढरा असायचा.

तो सुयश पुण्यात हॉटेलाचं काहीतरी शिकला, वर्षभर नोकरीसाठी वणवण फिरला आन शेवटी मुंबईच्या एका एजंटामार्फत सिंगापूरच्या जहाजावर लागला. माल वाहायचं जहाज न्हवं, लोक हौसंनं फिरायला जातात ते. पत्रात लिहिलं, हॉटेल खात्यात आहे. एवढंच. गुरुजींनी त्याचा साहेब केला. विहारात रविवारी वंदना झाली की म्हस्कूराव विचारायचे, साहेब काय म्हणतात? म्हस्कूराव एसटीतनं रिटायर झालेले, गुरुजींचे जिवलग, पण त्यांचा पोरगा बँकेत, त्यामुळं दोघांची आतल्या आत जुंपलेली असायची. गुरुजी मान ताठ करून सांगायचे, साहेबाला सवड कुठं, सगळं खातं त्याच्यावर आहे.

आन मी खाली बघत बसायची. कारण मला खरं ठाव व्हतं.

भिगवण रोडच्या एसटीडी बूथमधून मी एकदा एकटीच फोन लावला व्हता. सुयश म्हणाला, आई, मी धुलाईत आहे. जहाजाच्या पोटात. हजार दोन हजार माणसांच्या चादरी, टॉवेल, अंगातले कपडे, सगळं आमच्याकडं येतं. आबांना सांगू नको. मी म्हणलं, न्हाय सांगत. दोन वर्षं गिळून बसले.

मग अठ्ठ्याण्णव साली त्याचं पत्र आलं, की कंपनी कामगारांच्या आईबापाला एकदा सवलतीत फिरवती, पाच दिवस, तुम्ही या. मला कळत व्हतं यात धोका हाय. पण दोन वर्षांत पोराचं तोंड दिसलं नव्हतं. मी गुरुजींच्या मागं भुणभुण लावली. सुयशनं फोनवर सांगितलं, आबांना खाली यायचं कारणच पडणार नाही. मी पण तेच धरून बसले.

गुरुजींनी पेटीत काय भरलं असंल? कपड्याचा साबण, निळीची पुडी, सुतळीचं बंडल आन स्वतःची पांढरी चादर. मी म्हणलं, अवो, तितं गादीवर चादर असती. ते म्हणाले, तिच्यावर कोण कोण झोपलं असंल. त्या चादरीला एका कोपऱ्यात गंजाचा डाग व्हता, रुपयाएवढा, शाळेतल्या लोखंडी पेटीचा. आठ वर्षं त्यांनी लिंबू-मीठ लावून घासला, तो काही हलला नव्हता.

सिंगापूरला जहाजावर चढलो तवा सुयश आला भेटायला. पांढराशुभ्र सदरा, छातीवर नावाची पट्टी. वाळला व्हता. मी त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, त्यानं दोघांच्या पाया पडून आमाला खोली दाखवली आन अर्ध्या तासात गेला. गुरुजी खूश. एका माणसाला तर त्यांनी मराठीतच सांगितलं, आमचा मुलगा, ऑफिसर. तो माणूस मलायाचा का कुठला, हसून पुढं गेला.

मी काय समुद्र बघितला न्हाय का, बघितला. पण माझं अर्धं ध्यान खोलीच्या दाराकडंच. सगळं व्यवस्थित पार पडलं असतं. चादरीनं घात केला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी न्हाणीत त्यांची चादर धुतली. खोलीतल्या कपाटात एक पिशवी आन कागद व्हता, कपडे लिहून पिशवीत टाका म्हंजे धुऊन देतो म्हणून. गुरुजींनी तो कागद वाचला, घडी घातली, ठेवून दिला. आता ओली चादर वाळवायची कुठं? खोलीत ऊन न्हाय, वारा न्हाय. मी म्हणलं, खुर्चीवर टाका. ते म्हणाले, कुबट वास येईल. बादली न्हाय म्हणून चादर खांद्यावर टाकून वर गेले. मी मागनं. वर गोरे, चिनी, सगळे उन्हात पडलेले. गुरुजींनी कठड्याला सुतळीनं चारी कोपरे बांधले आन शेजारी राखण करत बसले. मला लाज वाटत व्हती, पण खरं सांगते, त्या निळ्या पाण्यापुढं ती चादर लई देखणी दिसत व्हती.

गुरुजी लघवीला गेले आन मला डुलकी लागली. डोळं उघडलं तर एक कामगार सुतळी सोडून चादर गाड्यात टाकून चाललेला. त्याला वाटलं जहाजाचीच हाय, कुणीतरी वेड्यानं बांधलीय. गुरुजी समोरनं आले. त्यांनी हाक मारली, ओ भाऊ, माझी आहे ती. तो कशाचा थांबतोय. गाडा ढकलत एका दारातनं आत गेला. दारावर लिहिलेलं, फक्त कामगारांसाठी. गुरुजींना इंग्रजी वाचता येतं. तरी ते गेले. त्यांची चादर दुसऱ्या कुणी धुतलेली त्यांना चालत नव्हती, एवढीच गोष्ट. मी मागनं म्हणत व्हते, जाऊ द्या अवो, चादरीपायी कशाला, चला माघारी.

लोखंडी जिने उतरत उतरत खाली गेलो. एकेका जिन्याला गरम वाढत गेलं. साबणाचा उग्र वास आला. मग एक मोठी थोरली खोली, घोंगावणारी यंत्रं आन भिंतीला लागून मळक्या चादरींचे ढीग, माणसापेक्षा उंच. आन त्या ढिगापाशी आमचा सुयश. पांढरा सदरा न्हवं, घामानं भिजलेला बनियन. गाडा त्याच्याच पुढ्यात उलटा केलेला. त्यानं आमची चादर उचललेली व्हती आन तो डागाच्या कोपऱ्याकडं बघत उभा व्हता. त्यानं ओळखली व्हती.

मग त्यानं मान वर केली.

गुरुजी दारातच थांबले. ते ढिगाकडं बघत व्हते, पोराकडं न्हाय. मला वाटलं, त्यांना चादरी दिसतच न्हाईत, निरवांगीची नदी दिसतीय आन त्यांची आई दिसतीय.

"हेच करतोस?" ते म्हणाले.

"हो, आबा."

"दोन वर्षं?"

सुयश जवळ आला. चादर हातातच. यंत्राच्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं. म्हणाला, "आबा, मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुला काय येतं. वर्षभर प्रत्येक ठिकाणी माझी फे फे उडत होती. त्या दिवशी मी सांगितलं, कपडे धुता येतात. माझ्या वडिलांनी शिकवलंय. त्यांनी सदरा धुऊन दाखवायला सांगितला. मी दाखवला."

गुरुजी वळले आन जिना चढायला लागले. साठी उलटलेला माणूस, कठड्याला हात न लावता चढत गेला. मी सुयशकडं बघितलं, त्यानं हातानं खूण केली, जा त्यांच्यासंगं.

खोलीत आल्यावर त्यांनी गादीवरची जहाजाची चादर काढली, घडी घालून दाराबाहेर ठेवली आन खुर्चीत बसले. जेवायला वर आले न्हाईत. मी दोन केळी आणून दिली, ती तशीच राहिली. सांजच्याला सुयश कपडे बदलून आला, दारात उभा राहिला. गुरुजींनी गोल खिडकीकडं तोंड केलं. पोरगं दहा मिनिटं उभं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी दिवस मोजत व्हते. तीन राहिले, दोन राहिले. एकदा का जहाजावरनं उतरलो की सुयशची पुढची सुट्टी नऊ महिन्यांनी. गुरुजींचा स्वभाव मला ठाव. सख्ख्या भावाशी अबोला धरला तो भाऊ मातीत गेला तरी सुटला न्हाय. हे दोघं हितं बोलले न्हाईत तर जन्मात बोलायचे न्हाईत, हे मला स्वच्छ दिसत व्हतं.

मग माझा पारा चढला. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले आन म्हणलं, मला ठाव व्हतं. पहिल्यापासनं. पोरानं मला सांगितलं व्हतं.

गुरुजी शांत माणूस, शाळेची भाषा बोलणारा. संतापले की मात्र निरवांगी बाहेर पडती. म्हणाले, "तुला ठावं व्हतं आन तू मला तोंडघशी पाडलंस? माझी आय ज्या घाणीत मेली त्यातनं पाय काढायला माझी हयात गेली. आन ह्यो पुन्यांदा जाऊन त्यात बसला."

"तुमच्या आईला कुणी विचारलं व्हतं का, ही घाण पायजे का म्हणून?" मी म्हणलं. "ह्याला विचारलं. ह्यानं सांगितलं, येतं मला. महिन्याचा पगार घेतो, सुट्टी घेतो, साहेबाला नावानं हाक मारतो. आन घाण कसली म्हणताय? त्यो ढीग ह्याच्या हातनं पांढरा होऊनच जातो न्हवं? तुमाला त्या ढिगाचं न्हाय, तुमाला म्हस्कूरावाचं पडलंय. त्याला काय तोंड दाखवायचं म्हणून पोराला टाकताय व्हय?"

हे वर्मी लागलं. माझ्याशीही बोलणं बंद. मी न्हाणीत जाऊन रडले, नळ सोडून.

शेवटच्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. मी उघडलं तर कुणी नव्हतं, खाली आमची चादर ठेवलेली. धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी. वर पिन लावून खोलीचा नंबर लिहिलेली कागदाची चिठ्ठी. मी उचलून गुरुजींच्या मांडीवर ठेवली आन बाजूला झाले.

बराच वेळ त्यांनी हात लावला न्हाय. मग एक बोट लावलं. मग घडी उलगडली. हुंगली. खिडकीच्या उजेडात धरली, जशी परीक्षेची वही धरायचे तशी. एक कोपरा बघितला. दुसरा बघितला. तिसरा, चौथा. पुन्हा पहिल्यापासनं. चष्मा काढून पुसला आन परत चारी कोपरे बघितले.

"डाग कुठं गेला?" ते म्हणाले.

मी म्हणलं, मला काय ठाव. आठ वर्षं तुमी घासत व्हता.

मग ते चादर पांघरून बसले, भर दुपारी. मी बोलले न्हाय. बोलले असते तर बिघडलं असतं, एवढी अक्कल मला एवढ्या वर्षांत आलेली हाय.

चार वाजता उठले. कपाटातनं ती पिशवी आन तो कागद काढला. अंगातला सदरा काढला, उघड्या अंगानं टेबलापाशी बसले आन लिहायला लागले. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. कागद इंग्रजी, पण त्यांनी मराठीत भरला. मला वाचता येतं, मी मागनं वाचलं. सदरा, पांढरा, एक. त्याखाली रिकाम्या जागेत लिहिलं, कॉलर हाताने घासणे. नीळ बेताची. आन सगळ्यात खाली, सुयश कचरू, धुलाई खाते, यांस. मग पेटीतनं निळीची पुडी काढून सदऱ्याच्या खिशात घातली. जहाजावर नीळ असंल नसंल. पिशवीचं तोंड बांधलं आन स्वतः बाहेर जाऊन खोल्या झाडणाऱ्या बाईच्या हातात दिली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अंगातलं कापड दुसऱ्याच्या हातात दिलं. दारात दोन मिनिटं उघडेच उभे राहिले. मला पदर डोळ्याला लावायला लागला.

सकाळी उतरायच्या आधी सुयश स्वतः सदरा घेऊन आला. डोळे सुजलेले. रात्रपाळी करून आला असंल, का दुसऱ्या कशानं, मी विचारलं न्हाय. गुरुजींनी सदरा घेतला, कॉलर उलटी केली, बघितली, अंगात घातला. मानेपाशी नंबराची चिठ्ठी पिनेनं लावलेली. मी काढायला गेले तर म्हणाले, राहू दे.

मग त्यांनी सुयशचे दोन्ही हात धरले आन उताणे केले. बोटांची टोकं सोडा आन औषधानं फुटली व्हती, भेगा पडलेल्या, नखाच्या कडा पांढऱ्या झालेल्या. गुरुजी त्या हातांकडं किती वेळ बघत राहिले. लोक सामान घेऊन आमच्या अंगावरनं जात व्हते.

"झोपताना खोबरेल लावत जा," ते म्हणाले.

"हो, आबा."

एवढंच बोलणं झालं. मला तेवढं बास व्हतं. पण मला घोर लागला तो पुढचा. विमानात, मुंबईहून येताना, पुण्याला गाडी बदलताना मी मनात तेच घोळवत व्हते. पोराशी चार भिंतीत बोलणं वेगळं. बारामतीत गेल्यावर पुन्हा साहेब म्हणाले तर? तर पोरगं त्यांच्या लेखी धुलाईतच पुरलं जाणार. मी त्यांना विचारलं न्हाय. विचारून मिळणारं उत्तर मला नको व्हतं.

पहिल्या रविवारी विहारात गेलो. गुरुजींनी तोच सदरा घातला. जहाजावरनं उतरल्या उतरल्या काढून घडी घालून ठेवला व्हता, पुन्हा धुतला नव्हता. वंदना झाली, चहा आला. बायका मला विचारायला लागल्या समुद्र कसा असतो. आन तिकडनं म्हस्कूरावांचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, की काय गुरुजी, साहेबांनी जहाज दाखवलं का सगळं? किती माणसं आहेत साहेबांच्या हाताखाली?

माझ्या हातातला कप थांबला.

गुरुजी उठून उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे.

"साहेब न्हाय तो," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. पोरगा कपडे धुतो. जहाजावरच्या दोन हजार माणसांचे."

चहा वाटणारी बाई थांबली. म्हस्कूराव वाईट माणूस न्हाईत. त्यांच्याही आईनं तेच कापड धुतलेलं.

गुरुजी त्यांच्यापुढं जाऊन पाठमोरे बसले. दोन्ही हातांनी सदऱ्याची कॉलर उलटी केली आन मान वाकवली, प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरासारखी.

"बघा," ते म्हणाले. "सुयशनं धुतलीय."

म्हस्कूरावांनी खिशातनं चष्मा काढला, लावला आन बघितलं.